अन्नातील पचनरोधी पिष्ट आणि मोठ्या आतड्याचे आरोग्य

शेतकरी कुटुंबाच्या ताटात सर्वांत मोठा वाटा पिष्टमय पदार्थांचा असतो. ज्वारी-बाजरीची भाकरी असो, गव्हाची पोळी असो वा भात असो, शरीराला लागणारी बहुतेक शक्ती या पदार्थांतील पिष्टापासूनच मिळते. जे अन्न पूर्णपणे पचते ते अंगी लागले आणि जे पचले नाही ते वाया गेले, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. पिष्टाच्या बाबतीत मात्र ही समजूत अर्धीच खरी आहे. आपण खाल्लेल्या पिष्टाचा काही भाग लहान आतड्यात न पचता तसाच पुढे मोठ्या आतड्यात जातो आणि तेथे त्याचा निराळा व महत्त्वाचा उपयोग होतो. या भागास शास्त्रज्ञ ‘रेझिस्टंट स्टार्च’ म्हणतात. मराठीत त्यास ‘पचनरोधी पिष्ट’ म्हणता येईल.

या विषयाची माहिती गावोगावी पोहोचणे आज दोन कारणांसाठी जरुरीचे झाले आहे. पहिले कारण असे की, ज्या धान्यांत व कडधान्यांत हे पिष्ट चांगल्या प्रमाणात असते ती आपल्या ताटातून कमी होत चालली असून त्यांची जागा पांढरा तांदूळ, मैद्याचा पाव व बिस्किटे घेत आहेत. दुसरे कारण असे की, ‘शिळा भात खाल्ल्याने मधुमेह बरा होतो’ अशा प्रकारचे संदेश भ्रमणध्वनीवरून सर्वत्र फिरत आहेत व लोक त्यांबद्दल ग्रामकार्यकर्त्यांना प्रश्न विचारीत आहेत. अशा संदेशांत थोडे सत्य व पुष्कळ अतिशयोक्ती असते. त्यातील सत्य कोणते व धोका कोठे आहे हे कार्यकर्त्यांना नीट सांगता आले पाहिजे.

पिष्ट म्हणजे काय व ते कसे पचते

वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने साखर तयार करतात आणि ती साठवून ठेवण्यासाठी साखरेचे रेणू एकमेकांस जोडून त्यांच्या लांब साखळ्या बनवितात. हेच पिष्ट होय. ते अत्यंत बारीक कणांच्या रूपाने दाण्यात, कंदात किंवा कच्च्या फळात साठविले जाते. पिष्टात दोन प्रकारच्या साखळ्या असतात. एक सरळ साखळी, तिला अमायलोज म्हणतात. दुसरी झाडाच्या फांद्यांप्रमाणे फुटलेली, तिला अमायलोपेक्टिन म्हणतात. बहुतेक धान्यांत अमायलोजचे प्रमाण सामान्यतः २० ते ३० टक्के असते. ज्या तांदुळात अमायलोज अधिक त्याचा भात मोकळा होतो व ज्यात ते कमी त्याचा भात चिकट होतो, हा फरक आपल्या गृहिणींच्या नित्य परिचयाचा आहे.

कच्च्या दाण्यातील पिष्टकण घट्ट बांधलेले असतात. पाण्यात शिजविताना सुमारे ६० ते ८० अंश सेल्सिअस उष्णतेला ते पाणी शोषून फुगतात व त्यांची बांधणी सैल होते. मग तोंडातील लाळ व स्वादुपिंडाचा रस यांतील विकर त्या साखळ्यांवर सहज काम करू शकतात. साखळ्या तुटून शेवटी ग्लुकोज बनते व ते लहान आतड्यातून रक्तात जाते. जेवणानंतर रक्तातील साखर वाढते ती मुख्यतः यामुळेच.

सर्व पिष्ट सारखे पचत नाही

पूर्वी असे मानले जाई की, माणसाने खाल्लेले शिजविलेले पिष्ट लहान आतड्यात जवळजवळ सगळेच पचते. १९८२ साली हान्स इंग्लिस्ट व त्यांचे इंग्लंडमधील सहकारी अन्नातील तंतूंचे मापन करीत असता त्यांना असे आढळले की, पिष्टाचा काही भाग पाचक विकरांना दाद देत नाही. त्या भागाला त्यांनी वरील नाव दिले. त्यानंतरच्या संशोधनातून या पिष्टाचे मुख्य चार प्रकार ठरविण्यात आले. ते पुढीलप्रमाणे :

पहिला प्रकार : पेशींच्या भित्तीत बंदिस्त असलेले पिष्ट. अखखा हरभरा, मटकी, चवळी, कुळीथ यांच्या दाण्यांतील पेशींच्या भिंती चिवट असतात. शिजविल्यानंतरही त्यांतील पुष्कळ पेशी अखंड राहतात आणि कणगीत धान्य सुरक्षित राहावे तसे पिष्ट त्यांच्या आत राहते. दाणा बारीक दळला की ही कणगी फुटते. म्हणून अख्ख्या हरभऱ्याची उसळ व बेसन यांचे पचन सारखे होत नाही.

दुसरा प्रकार : न शिजविलेले घट्ट पिष्टकण. हिरवी केळी व कच्चा बटाटा यांतील पिष्ट या प्रकारचे असते. शिजविल्यावर त्याचा हा गुण बराचसा नाहीसा होतो.

तिसरा प्रकार : शिजवून थंड केलेले पिष्ट. पेज निवाल्यावर घट्ट होते, सकाळची भाकरी संध्याकाळी कडक होते, हे आपण रोज पाहतो. शिजताना सैल झालेल्या साखळ्या थंड होताना पुन्हा एकमेकींशी जवळ येऊन घट्ट बांधल्या जातात, त्याचा हा परिणाम होय. सरळ साखळ्यांची ही बांधणी काही तासांतच होते आणि ती मोडण्यास १०० अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणून थंड भात पुन्हा गरम केला तरी हे पिष्ट सगळे नाहीसे होत नाही.

चौथा प्रकार : कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने बनविलेले पिष्ट. याचा घरगुती आहाराशी फारसा संबंध नाही.

अमायलोज व स्निग्ध पदार्थ यांच्या जोडणीतून बनणारा पाचवा प्रकारही काही शास्त्रज्ञ मानतात.

मोठे आतडे व जनावराचे कोठीपोट

पचनरोधी पिष्ट मोठ्या आतड्यात गेल्यावर काय होते हे समजण्यासाठी आपल्या गोठ्यातील गायीचे उदाहरण घ्यावे. गाय कडबा खाते, परंतु कडबा पचविणारा रस तिच्या शरीरात तयार होत नाही. हे काम तिच्या कोठीपोटातील असंख्य सूक्ष्मजंतू करतात. ते कडब्याला आंबवितात व त्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्यूटिरिक ही तीन आम्ले तयार होतात. गायीला लागणाऱ्या शक्तीचा सुमारे ७० टक्के भाग या आम्लांपासून मिळतो.

माणसाला कोठीपोट नाही, परंतु त्याचे मोठे आतडे हे लहान प्रमाणावर तसेच आंबवणीचे स्थान आहे. सुमारे दीड मीटर लांबीच्या या आतड्यात कोट्यवधी सूक्ष्मजंतू राहतात. वर न पचलेले पिष्ट व तंतू हेच त्यांचे खाद्य. रुमिनोकोकस ब्रोमी नावाचा जंतू प्रथम घट्ट पिष्टकण फोडतो आणि त्यातून सुटणाऱ्या साखरेवर इतर जंतू जगतात. गायीच्या पोटात जी तीन आम्ले तयार होतात, तीच येथेही तयार होतात. माणसाला मात्र त्यांच्यापासून एकूण शक्तीच्या सुमारे ५ ते १० टक्केच शक्ती मिळते. म्हणून साध्या पिष्टाच्या एका ग्रॅमपासून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, तर पचनरोधी पिष्टाच्या एका ग्रॅमपासून सुमारे २ च मिळतात.

शक्तीचा हा हिशेब पाहिला तर हे पिष्ट कमी प्रतीचे ठरेल. पण त्याचे खरे मोल शक्तीत नसून या आम्लांच्या कामात आहे.

ब्यूटिरिक आम्लाचे कार्य

मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी दर काही दिवसांनी जुन्या होऊन गळतात व नव्या तयार होतात. शरीरातील इतर बहुतेक पेशी रक्तातून येणाऱ्या खाद्यावर जगतात. या पेशी मात्र आपल्या गरजेपैकी सुमारे ६० ते ७० टक्के शक्ती आतड्याच्या पोकळीतील ब्यूटिरिक आम्लापासून घेतात. म्हणजे आतड्यातील जंतू उपाशी राहिले तर आतड्याच्या भिंतीचेही पोषण कमी पडते.

या आम्लांची इतर कामे अशी :

आतड्यातील वातावरण किंचित आम्ल राहते, त्यामुळे रोगकारक जंतूंच्या वाढीस आळा बसतो.

आतड्यातून मीठ व पाणी शरीरात पुन्हा शोषले जाण्यास मदत होते. अतिसाराच्या वेळी या गुणाला फार महत्त्व येते.

अस्तराची दाहप्रवृत्ती कमी होते. प्रयोगशाळेत वाढविलेल्या कर्करोगाच्या पेशींची वाढ ब्यूटिरिक आम्लाने मंदावते व त्या लवकर मरतात, असेही आढळले आहे.

आणखी एक गोष्ट पशुपालकांना लगेच पटेल. जनावराला युरिया-गुळाचे चाटण देताना गूळ अशासाठी घालतात की, युरियातून सुटणारा अमोनिया जंतूंनी आपल्या वाढीसाठी वापरावा व त्याकरिता त्यांना जवळच शक्ती मिळावी. माणसाच्या मोठ्या आतड्यातही न पचलेली प्रथिने कुजून अमोनिया व इतर अपायकारक द्रव्ये होतात. पिष्ट उपलब्ध असेल तर जंतू त्यातील अमोनिया स्वतःच्या वाढीसाठी वापरतात. पिष्ट नसेल तर ही द्रव्ये अस्तराला लागून राहतात. इतकेच नव्हे तर, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, खाद्यातील तंतू बंद केल्यावर जंतू आतड्याच्या भिंतीवरील संरक्षक बुळबुळीत थरच खाऊ लागले.

ब्यूटिरिक हे नाव लोण्यावरून पडले आहे, कारण हे आम्ल लोण्यात व तुपात असते. तेव्हा तूप अधिक खाल्ल्याने हेच काम होईल काय, असा प्रश्न कोणी विचारील. तसे होत नाही. तुपातील हे आम्ल वरच्या आतड्यातच शोषले जाते व मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचत नाही. ते तेथेच तयार व्हावे लागते आणि त्याकरिता कच्चा माल तेथे पोहोचविणारे अन्न खावे लागते.

माणसांवरील अनुभव

दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागात मक्याचे जाडसर अन्न हा मुख्य आहार आहे आणि तेथे मोठ्या आतड्याचा कर्करोग विरळा आढळतो. अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या लोकांत तो दर लाखी सुमारे ६५ इतका, तर दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांत ५ पेक्षाही कमी असल्याचे नोंदले गेले आहे. या दोन लोकसमूहांतील प्रत्येकी २० माणसांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल करण्यात आली व त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील माणसांना पचनरोधी पिष्ट व तंतू यांनी भरलेला, कमी स्निग्ध असा आफ्रिकी आहार दिल्यावर त्यांच्या आतड्यातील ब्यूटिरिक आम्ल सुमारे अडीच पट झाले आणि अस्तराची दाहाची लक्षणे कमी झाली. आफ्रिकी माणसांना अमेरिकी आहार दिल्यावर नेमके उलट घडले. त्यांचे ब्यूटिरिक आम्ल निम्म्यावर आले. केवळ चौदा दिवसांत एवढा फरक पडतो ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. मात्र या प्रयोगात स्निग्ध पदार्थ व मांसही बदलले होते, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या पिष्टाला देता येत नाही.

दुसरा अनुभव आपल्याच देशातील आहे. तामिळनाडूतील वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये पटकीच्या ४८ रुग्णांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. काही रुग्णांना नेहमीची ग्लुकोजयुक्त जलसंजीवनी दिली व काहींच्या जलसंजीवनीत दर लिटरला ५० ग्रॅम अधिक अमायलोज असलेले मक्याचे पिष्ट मिसळले. पहिल्या गटात मल घट्ट होण्यास सरासरी सुमारे ९१ तास लागले, तर पिष्ट घेतलेल्या गटात सुमारे ५७ तास. मोठ्या आतड्यात तयार झालेल्या आम्लांनी मीठ व पाणी परत शोषून घेण्यास मदत केली, असा याचा अर्थ आहे. बांगलादेशात ढाका येथे दीर्घकाळ अतिसार झालेल्या बालकांना रुग्णालयात भाताबरोबर शिजविलेली हिरवी केळी देण्यात आली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात केळी मिळालेली बहुसंख्य मुले चार दिवसांत बरी झाली. नुसता भात मिळालेल्या गटात चौथा हिस्साही बरा झाला नव्हता. हे प्रयोग वैद्यांच्या देखरेखीखाली झालेले आहेत. घरी जलसंजीवनीत कोणीही पीठ किंवा कच्चे पिष्ट मिसळू नये. जुलाब होताच आरोग्य केंद्रातील जलसंजीवनीची पुडी सांगितल्याप्रमाणे पाण्यात विरघळवून द्यावी आणि मुलांना झिंकच्या गोळ्या द्याव्यात, हाच योग्य मार्ग होय.

तिसरा अनुभव आपल्याला सावध करणारा आहे. आनुवंशिक दोषामुळे ज्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग होण्याचा धोका फार मोठा असतो, अशा लिंच रोगसमूहाच्या ९०० हून अधिक व्यक्तींवर इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली प्रयोग झाला. त्यांपैकी निम्म्या व्यक्तींना रोज ३० ग्रॅम पचनरोधी पिष्ट सरासरी दोन वर्षे देण्यात आले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाहणीत असे दिसले की, मोठ्या आतड्याचा कर्करोग त्यामुळे कमी झाला नाही; शरीराच्या इतर भागांतील कर्करोग मात्र कमी आढळले. यावरून ‘अमुक खा म्हणजे कर्करोग होणार नाही’ असे कोणालाही सांगणे चुकीचे ठरेल. आतड्याचे पोषण व औषधोपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या ताटात हे पिष्ट कोठे आहे

कडधान्ये : पचनरोधी पिष्टाचा सर्वांत भरवशाचा पुरवठा अख्ख्या कडधान्यांतून होतो. मटकी, चवळी, वाल, कुळीथ, हरभरा यांची उसळ, आमटी किंवा घुगऱ्या आठवड्यातून शक्य तितक्या वेळा जेवणात असाव्यात. त्यांबरोबर प्रथिनेही मिळतात व कडधान्याचे पीक जमिनीलाही नत्र देते, हा लाभ वेगळाच.

ज्वारी : ज्वारीच्या दाण्यात पिष्टकणांभोवती काफिरिन नावाच्या प्रथिनांचे वेष्टन असते. शिजविताना ते अधिक घट्ट होते व पिष्टाचे पचन मंदावते. मालदांडीसारख्या रब्बी ज्वारीची भाकरी ‘पोटात टिकते’ असे जुने लोक म्हणत, त्यास हा आधार आहे. पीठ फार बारीक न दळता व कोंडा न काढता वापरल्यास लाभ अधिक होतो.

उकडा तांदूळ : कोकणात व गोव्यात भात उकडून, वाळवून मग भरडण्याची पद्धत आहे. या प्रक्रियेत दाण्यातील पिष्ट एकदा शिजते व पुन्हा घट्ट होते. त्यामुळे साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा उकड्या तांदळात पचनरोधी पिष्ट थोडे अधिक असते व कोंड्यातील जीवनसत्त्वेही दाण्यात मुरतात.

थंड केलेला भात : इंडोनेशियात केलेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ताज्या पांढऱ्या भाताच्या १०० ग्रॅममध्ये ०.६४ ग्रॅम पचनरोधी पिष्ट आढळले. तोच भात ४ अंश उष्णतामानात २४ तास ठेवून पुन्हा गरम केल्यावर ते १.६५ ग्रॅम झाले. जेवणानंतरची रक्तातील साखरही काहीशी कमी वाढली. वाढ अडीच पट दिसली तरी प्रत्यक्षात १०० ग्रॅममागे ती एका ग्रॅमएवढीच आहे, हे ध्यानात ठेवावे. वाटीभर उसळीने जे साधते ते शिळ्या भाताने साधेलच असे नाही.

हिरवी केळी : कच्च्या केळ्याच्या गरात सुमारे २० ते २५ टक्के पिष्ट असते. पिकताना त्याची साखर होते व पूर्ण पिकलेल्या केळ्यात ते १ ते २ टक्केच उरते. कच्च्या केळ्याची भाजी शिजविल्यावर हा गुण बराच कमी होतो, तरी काही अंश राहतो. जळगाव जिल्ह्यासारख्या केळीच्या प्रदेशात लहान किंवा डाग पडलेली, बाजारात भाव न मिळणारी पण निरोगी अशी हिरवी केळी सोलून, पातळ चकत्या करून, लिंबाच्या पाण्यात बुडवून स्वच्छ जागी वाळवावी व दळून पीठ करावे. कमी उष्णतेत वाळविलेल्या पिठात हे पिष्ट टिकते. महिला बचत गटांना हा उद्योग करता येण्यासारखा आहे. मात्र असे पीठ विकताना ते रोग बरे करते असा दावा करू नये.

शिळ्या अन्नाबाबत इशारा

पिष्ट घट्ट व्हावे म्हणून भात रात्रभर चुलीजवळ झाकून ठेवणे धोक्याचे आहे. तांदळात बॅसिलस सिरिअस नावाच्या जंतूची बीजे असतात व भात शिजविल्याने ती मरत नाहीत. भात कोमट राहिला की ही बीजे रुजतात, जंतू झपाट्याने वाढतात व विष तयार करतात. त्यातील वांती आणणारे विष भात पुन्हा कडकडीत गरम केला तरी नष्ट होत नाही. भाताला वास किंवा आंबूसपणा येण्यापूर्वीच असे घडू शकते.

म्हणून पुढील नियम पाळावेत. शिजविलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक वेळ साध्या हवेत ठेवू नये. भात थंड करावयाचा असल्यास तो पसरट ताटात पातळ पसरून लवकर निववावा व लगेच झाकून शीतकपाटात ५ अंशांखाली ठेवावा. दुसऱ्या दिवशी एकदाच चांगला वाफाळेपर्यंत गरम करून संपवावा. ज्यांच्या घरी शीतकपाट नाही किंवा जेथे वीज वरचेवर जाते त्यांनी पिष्टाच्या लोभाने भात शिळा करू नये. ताजा भात व वाटीभर उसळ हेच त्यांच्यासाठी उत्तम. भाकरीत पाण्याचा अंश भातापेक्षा कमी असल्याने ती तुलनेने अधिक टिकते. तरीही बुरशी आलेली किंवा चिकट झालेली भाकरी टाकून द्यावी.

कोणी काळजी घ्यावी

जनावराला एकदम पुष्कळ धान्य घातले तर त्याच्या कोठीपोटात आम्ल वाढून ते आजारी पडते. खाद्य हळूहळू बदलावे लागते, कारण जंतूंनाही सवय व्हावी लागते. माणसाच्या आतड्याचेही तसेच आहे. ज्याला कडधान्यांची सवय नाही त्याने एकदम भरपूर खाल्ल्यास पोट फुगते व वायू होतो. थोड्या प्रमाणात सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत प्रमाण वाढवावे. कडधान्ये भिजवून, ते पाणी टाकून मग शिजवावीत व पाणी पुरेसे प्यावे.

कुपोषित बालकांच्या बाबतीत अंगणवाडी सेविकांनी विशेष लक्ष द्यावे. अशा बालकाचे पोट लहान असते व त्याला थोड्या अन्नात अधिक शक्ती हवी असते. पचनरोधी पिष्टापासून शक्ती निम्मीच मिळते. म्हणून त्याच्यासाठी ताजे, मऊ, सहज पचणारे व थोडे तेल-तूप घातलेले अन्नच योग्य. मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीच्या सत्त्वासारखा पदार्थ त्याला अधिक उपयोगी पडतो.

मधुमेहाच्या रुग्णांनी असा आहार घेण्यास हरकत नाही, परंतु त्याच्या भरवशावर गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद अथवा कमी करू नये. थंड केलेला भातही मोजूनच खावा, कारण त्यातील बहुतेक पिष्ट पूर्वीप्रमाणेच पचते व त्याची साखरच होते.

शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत बरेच दिवस टिकणारा बदल होणे, कारण नसता वजन उतरणे किंवा रक्त कमी होणे ही लक्षणे दिसल्यास आहारातील प्रयोगात वेळ न घालविता ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. ‘मूळव्याध असेल’ असे म्हणून अंगावर काढल्याने आतड्याचा कर्करोग उशिरा ध्यानात येतो व बरा होण्याची संधी हुकते.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय सांगावे

१. रोजच्या जेवणात निदान एकदा अख्ख्या कडधान्याचा पदार्थ असावा. केवळ डाळीवर किंवा बेसनावर भागवू नये.

२. आठवड्यातील काही दिवस तरी गहू-तांदळाऐवजी ज्वारी, बाजरी किंवा नाचणी खावी. पीठ कोंड्यासहित वापरावे.

३. मैद्याचा पाव व बिस्किटे यांवर खर्च होणारा पैसा कडधान्ये व भाज्यांकडे वळवावा. चहाबरोबर बिस्किटाऐवजी भाजलेले चणे द्यावेत.

४. भात थंड करून खावयाचा असेल तर तो लवकर निववून शीतकपाटात ठेवावा. ती सोय नसेल तर भात ताजाच खावा.

५. हा आहार औषध नव्हे. जुलाब झाल्यास जलसंजीवनी, मधुमेहास डॉक्टरांनी दिलेले औषध व शौचावाटे रक्त गेल्यास तपासणी, यांत कधीही हयगय करू नये.

६. घरच्या वापरापुरती तरी मटकी, चवळी किंवा कुळीथ यांची एखादी ओळ मुख्य पिकात घ्यावी. बाजारातून विकत आणावयाचे म्हटले की कडधान्य ताटातून प्रथम कमी होते, हा अनुभव आहे.

चांगला शेतकरी शेतातील सगळा कडबा बाजारात नेत नाही. काही गोठ्यासाठी राखतो आणि काही कंपोस्टच्या खड्ड्यात घालतो, कारण जनावर व जमीन उपाशी ठेवून पीक येत नाही हे त्याला माहीत असते. आपल्या शरीरातही आतड्यातील जंतूंचा असाच एक वाटा आहे. आपले पोट भरताना तो वाटा राखून ठेवण्यास वेगळा खर्च येत नाही. शेतातील ज्वारी व कडधान्य आपल्या ताटात नियमाने राहिले म्हणजे तो आपोआप राखला जातो.